हलणारी रेघ

सुवर्णभूमीत एका महानदीच्या काठी जयसूर राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व विणकराच्या कुळात जन्मले होते आणि त्यांचे नाव खेमक होते. सात पिढ्या राजघराण्याचे रेशीम त्यांच्याच घरी विणले जात असे.

त्या रेशमाची रीत मोठी कष्टाची. बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, लडी चौकटीवर ताणायच्या. जिथे रंग नको तिथे केळीच्या सोपटाने गाठी बांधायच्या आणि लड लाखेच्या तांबड्या रंगात बुडवायची. मग गाठी सोडून दुसऱ्या जागी बांधायच्या आणि लड निळीत घालायची. सगळी नक्षी सुतातच दडलेली असे. माग चालू लागला की ती बोटाबोटाने वर येई. इतके करूनही गाठीखाली रंग थोडा झिरपतोच आणि नक्षीची कड थरथरल्यासारखी दिसते. ही थरथर घालवण्यात खेमकांच्या सात पिढ्या खपल्या होत्या. त्यांच्या घरची रेघ सुरीने कापल्यासारखी असे.

एके वर्षी राजाने पूर्वबुद्धांच्या अस्थींवर स्तूप उभारला आणि अस्थिकरंडकावर घालायला वस्त्र मागवले. ज्याचे वस्त्र निवडले जाईल, त्याचेच घर पुढे राजविणकराचे ठरणार होते. देशोदेशीची वस्त्रे आली. शेवटी दोनच उरली. एक खेमकांचे होते, दुसरे पैलतीरावरच्या चंपकेचे. चंपका एका नावाड्याची विधवा. रेशीमकिड्यांचे पतंग उडून गेल्यावर उरलेले पिवळे कोष गोळा करून ती सूत कातत असे.

विणकरांचा प्रमुख पिंगल याचे वस्त्र पहिल्याच दिवशी बाजूला पडले होते. तो पुढे येऊन म्हणाला, "महाराज, नावाड्याच्या बायकोला ही विद्या कुठली? तिने खेमकांच्या घरची नक्षी चोरली आहे."

नक्षी चोरणाऱ्याचे अंगठे तोडावेत, असा त्या राज्याचा कायदा होता. चंपकेने दोन्ही मुठी पदराखाली घेतल्या.

राजा म्हणाला, "खेमका, वस्त्र बघ. नक्षी तुझ्या घरची आहे का?"

खेमक जवळ गेले. नुसते गप्प राहिले असते तरी सात पिढ्यांचा मान घरात राहिला असता. ते त्यांना कळत होते आणि त्यांचे मन क्षणभर तिकडे झुकलेही. मग त्यांनी वस्त्र उजेडात धरले.

त्यात नदी होती. सेवकाने दुसरे टोक उचलले तशी ती वाहू लागली. निळ्यातून तांबडे आणि तांबड्यातून सोनेरी पाणी हलत होते. जाडेभरडे सूत कुठे उजेड अडवी, कुठे सोडून देई. जी थरथर घालवायला खेमकांच्या वाडवडिलांनी जन्म घालवले, तिचेच या बाईने पाणी केले होते. खेमकांच्या अंगावर काटा आला. त्यांनी हात जोडले ते राजाला नव्हे, त्या वस्त्राला.

"बोल ना," राजा म्हणाला.

"महाराज, आमच्या घरात रेघ हलली तर आम्ही ते कापड फाडून टाकतो. इथे एकही रेघ स्थिर नाही आणि एकही चुकून हललेली नाही. जे आमच्याकडे कधी नव्हतेच, ते आमच्याकडून कसे चोरणार?"

"दया येऊन बोलतोस का? तुझा मान जाईल."

"दया नाही, महाराज. साठ वर्षे मी मागावर बसलो. रेशीम काय असते ते आज पाहिले."

वस्त्र करंडकावर चढले आणि राजविणकराचे पद चंपकेला मिळाले. खोट्या आरोपाबद्दल राजा पिंगलाचे अंगठे तोडायला निघाला, तेव्हा चंपकाच आडवी आली. "नको महाराज. अंगठा गेला तर माणूस विणणार कशाने?" राजाने त्याला सोडले आणि तो कायदाही मोडीत काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खेमक नावेतून पैलतीरी गेले आणि तिथली एक लड हातात घेऊन चंपकेच्या मागापाशी जमिनीवर बसले.

ती गोंधळली. "आचार्य, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"गाठ कुठे बांधायची ते."

ती त्यांच्या हातातली लड काढून घेत म्हणाली, "मग अजून सुताला हात लावू नका. आधी पाणी बघा."

म्हातारे खेमक वळून नदीकडे पाहत बसले.

सोबत्याची स्तुती ज्याला सोसवत नव्हती अशा एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे हाच भिक्षू. राजा जयसूर म्हणजे आनंद, चंपका म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा थेरी आणि पाण्याकडे पाहत बसलेला तो विणकर म्हणजे मी." दुसऱ्याच्या गुणाने आपले मन भरून येणे, यालाच मुदिता म्हणतात.