राजपुत्राच्या उष्टावणाची वाटी

फार पूर्वी मंदारपुरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सुताराच्या घरी जन्मले होते. काथवटी, पळ्या, वाट्या घडवायच्या, खरवताच्या खरखरीत पानांनी घासायच्या, जवसाचे तेल मुरवून सावलीत वाळवायच्या, हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यांच्या भांड्यांना चकाकी अशी नव्हती; पण एकदा हात फिरवला की सोडवत नसे.

राजाला उतारवयात मुलगा झाला. त्याच्या उष्टावणासाठी बोधिसत्त्वांनी शिवणीच्या लाकडाची वाटी करून दिली. पाकशाळेचा अधिकारी चंडक ती पाहून नाक मुरडत म्हणाला, "हे कसलं मरगळलेलं लाकूड! पाहुणे काय म्हणतील?" आणि त्याने गुपचूप तिच्यावर बिब्ब्याचे तेल चोपडले. वाटी काळीभोर लखलखू लागली. बिब्बा अंगावर उततो, हे काय त्याला ठाऊक नव्हते? होते हो! पण एवढ्याशाने काय होतेय, असे त्याने मनाला समजावले.

दुसऱ्या दिवशी राणीने खिरीची वाटी बाळाच्या ओठांशी नेली. समारंभाला पत्नीसह आलेल्या बोधिसत्त्वांनी तो काळा चकचकाट ओळखला. झेप घेऊन त्यांनी वाटी हिसकावली. खीर सांडली.

"मेल्या, वेड लागलं का तुला?" चंडक ओरडला.

"महाराज, वाटी माझी, पण हे तेल माझं नाही. हा बिब्बा आहे. माझे हात तोडा, पण बाळाच्या तोंडाला ही लागू देणार नाही."

शिपायांनी ओढले, बदडले. वाटीवरची त्यांची बोटे सैल झाली नाहीत. तेवढ्यात राजाचे लक्ष चंडकाकडे गेले. तो हात उपरण्याखाली लपवत होता. राजाने उपरणे ओढले, तर बोटे फोडांनी टरारलेली!

राजाने तलवारीला हात घातला. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आधी खोबरेल आणवा. आग होतेय हो त्याची." राजाने तलवारीवरचा हात काढला आणि खोबरेल आणवले.

बोधिसत्त्वांच्या पत्नीने धावत जाऊन घरची जुनी वाटी आणली. तिची लेकरे तीतच जेवली होती, आणि दरवर्षी त्या वाटीला जवसाचे तेल मिळत आले होते. बाळाने मिटक्या मारीत खीर खाल्ली.

पुढे बोधिसत्त्वांचेही हात उतले. कित्येक दिवस त्यांना लाकूड तासायला वाकस धरता येईना. तोवर त्यांच्या पडवीत बसून भांड्यांना तेल चोळले ते चंडकाने, रोज येऊन, कुणी न बोलावता.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आपला आनंद. ती सुतारीण म्हणजे राहुलमाता. संघाच्या लाकडी पळ्या जो न सांगता तेल लावून सावलीत ठेवतो, तो आपला सुमुख म्हणजे तेव्हाचा चंडक. आणि वाटी न सोडणारा सुतार मीच होतो. दुसऱ्याच्या लेकरासाठी मूठ घट्ट राहिली, तीच अधिष्ठान पारमिता, अढळ निश्चयाची परिपूर्णता."