दोन हात जागा

राहायचं की परत जायचं हे ठरत असताना तुम्ही आपली अडचण बोलून दाखवाल का?

एकदा मालिनीबाईंच्या गाण्याच्या खोलीत दारासारख्या चपट्या स्पीकरच्या दोन जोड्या पारखायला आल्या. त्यातली एकच राहणार होती. एक उंच, एक बुटकी. दोघी पाठीतूनही गात, म्हणून त्यांना मागे मोकळी जागा लागे; पण बाईंनी त्यांना भिंतीला टेकवलं. बुटक्या जोडीचा जीव गुदमरला.

"बाई, मला दोन हात पुढे घ्याल?"

"आल्याआल्या जागा मागतेस? चाललीस परत!" उंच जोडी हसली. "मी बघ, कशी गुमान उभी आहे!"

बाईंच्या कपाळाला आठी पडली. तरी बाईंनी तिला पुढे ओढलं आणि दोघींवर एकच भजन लावलं. बुटकीचा सूर मोकळा निघाला. उंच जोडीचा भिंतीशी घुसमटला, पण ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा टेम्पो उंच जोडीला घेऊन गेला.