ठुमकी मुंगी आणि चाकातला काटा

एक होती मुंगी. तिचं नाव ठुमकी. ती राहायची रेवाच्या बाबांच्या सायकलच्या घंटीवर.

दर बुधवारी सायकल बाजारात जायची. पुढे ठुमकी, मागे रेवा. रेवा जिलबी खायची. चुरा ठुमकीला द्यायची.

आज बुधवार. बाबा म्हणाले, "चला!"

चाक म्हणालं, फुस्स!

बाबांनी ठिगळ लावलं. हवा भरली. भस् भस् भस्!

पुन्हा फुस्स!

पुन्हा ठिगळ. पुन्हा भस् भस्. पुन्हा फुस्स!

"आज काही बाजार नाही," बाबा म्हणाले.

रेवा रुसली. ठुमकीला तर रडूच आलं. जिलबीचा चुरा गेला ना!

ठुमकी टायरवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु. बघते तर काय? टायरमध्ये काटा! इवलासा, काळा काळा. बाबांनी ठिगळ लावलं, पण काटा काढलाच नाही! आहेत की नाही बाबा शहाणे?

"काट्या काट्या, बाहेर ये."

"नाही येत जा!"

ठुमकी गेली चिमट्याकडे. तुरु तुरु.

"चिमट्या चिमट्या, काटा ओढ. काटा निघेना, चाक फुगेना, जिलबीचा चुरा मिळेना!"

"मी तर डब्यात. आत्या डबा उघडेल, तर ओढेन."

ठुमकी गेली आत्याकडे. तुरु तुरु.

"आत्या आत्या, डबा उघड. चिमटा ओढेना, काटा निघेना, चाक फुगेना, जिलबीचा चुरा मिळेना!"

"अगं बाई, कडेवर बाळ रडतंय. बाळ हसेल, तर उघडेन."

"बाळा बाळा, हस ना. आत्या उघडेना, चिमटा ओढेना, काटा निघेना, चाक फुगेना, जिलबीचा चुरा मिळेना!"

"भ्यँ! मनी नाचेल, तर हसेन."

ठुमकी गेली मनीकडे. तुरु तुरु.

"मनी मनी, नाच ना. बाळ हसेना, आत्या उघडेना, चिमटा ओढेना, काटा निघेना, चाक फुगेना, जिलबीचा चुरा मिळेना!"

"म्याँव! नाही नाचत. एवढीशी तू, करशील काय?"

असं का? ठुमकी चढली मनीच्या शेपटीवर. आणि चावली. कट्ट!

मनी नाचली, थुई थुई! बाळ हसलं, खुदुखुदु! आत्याने डबा उघडला, टक्! चिमट्याने ओढला, सट्!

काटा निघाला!

"अरेच्चा! हा होता होय!" बाबा म्हणाले.

ठिगळ लावलं. भस् भस् भस्. चाक फुगलं टम्म!

फुस्स झालं? नाही झालं!

बाजारात रेवाने जिलबी घेतली. ठुमकीला आज नुसता चुरा? छे! अख्खी जिलबी!

आता दर बुधवारी ठुमकी आधी चाकावर फिरते. तुरु तुरु, तुरु तुरु. बाबा थांबतात. रेवा विचारते, "ठुमके, काटा?"

"नाही!"

मग चला! ट्रिंग ट्रिंग!