मावशीच्या चेहऱ्यावरची मोहरी

“आणि ही मोहरी? ही कुठून आली मावशीच्या चेहऱ्यावर?”

हर्षदने अंगणातूनच फोटो ओटीवर भिरकावला. पाठोपाठ कॅमेराही भिरकावणार होता, पण तो महागाचा होता. म्हणून नुसता उगारला.

ओटीवर तांबटअण्णा बसले होते. आमच्या भोरमध्ये फोटो काढायला शिकायचं तर त्यांच्याकडेच. त्यांनी एकदा कावळ्याचा फोटो काढला, तर तो कावळा प्रत मागायला आठवडाभर खिडकीत येत होता. मी स्वतः पाहिलंय. निदान कावळा तरी पाहिलाय.

अण्णांनी फोटो उचलला. अंधारं स्वयंपाकघर, चुलीपुढे बसलेली गोदूमावशी, आणि तिच्या चेहराभर काळे-तांबडे ठिपके. फोडणी उडाल्यासारखे.

“अंधारात आयएसओ चढवायचा, म्हणजे कमी उजेडातही फोटो येतो. तुमचेच शब्द! मी चढवला. पार शेवटच्या आकड्यापर्यंत चढवला!”

“काय?” अण्णांनी कानामागे हात नेला.

“आयएसओ!”

“मोठ्यानं बोल.”

“अहो, ज्या मावशीनं मला वाढवलं, तिनं जन्मात एकदा फोटोला होकार दिला! एकदा! आणि हा बघून म्हणाली, ‘ही कोण बया?’ कालपासून भिंतीकडे तोंड करून बसलीय. माझ्याशी बोलत नाही. तुमच्या विद्येपायी!”

अण्णांच्या नाकपुड्या फुगल्या. कानातल्या मशीनचा आवाज त्यांनी अंगठ्याने वाढवला... आणखी वाढवला. मशीन शिट्टी मारायला लागलं.

“आता येतंय ऐकू?” हर्षदने विचारलं.

“येतंय. पंखा येतोय. शेजारच्या पानसेबाईंचा मिक्सर येतोय. तुझ्या खिशातल्या किल्ल्या येतायत.”

“आणि मी?”

“तूही. मिक्सरएवढाच.”

हर्षद लालेलाल झाला. “थट्टा करताय माझी?”

“थट्टा?”

अण्णा असे गरजले, की समोरच्या वडावर लटकलेली वटवाघळं सुलटी झाली. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलंय.

त्यांनी कानातून मशीन उपसलं, पानाच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. मग डोळे मिटले.

हर्षद ओरडला. अण्णा ढिम्म.

तो पुन्हा ओरडला...

शेवटी चरफडत त्याने बूट काढले, ओटी चढला आणि अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. तोंड उघडलं खरं, पण इतक्या जवळून काही ओरडवेना.

“अण्णा... पुन्हा फोटोला बसेल का हो ती?”

अण्णांनी डोळे उघडले.

“त्या स्वयंपाकघराला दार नाही?”

“मागचं आहे. परसात उघडतं. पण त्याला लागून सरपण रचलंय, छातीएवढं.”

“फोटो कधी काढलास?”

“काल. भर दुपारी.”

“भर दुपारी!” अण्णांनी फोटो त्याच्या मांडीवर आपटला. “दाराबाहेर ऊन मावत नव्हतं, आणि हा गाढव आत आकडे चढवून मोहरी वाढवत बसला!”

“ती म्हणाली, लवकर उरक. वाटलं, उठूनच गेली तर...”

“म्हणून तिला काही विचारलं नाहीस. तुझ्या मशीनला विचारलंस.”

पानसेबाईंचा मिक्सर थांबला.

फोटोवरून हर्षदने अंगठा फिरवला. मोहरी काही निघाली नाही.

“बरं... मग या खेपेला आयएसओ किती ठेवू?”

अण्णा उठले. त्याचे दोन्ही बूट उचलले आणि एकेक करून अंगणात भिरकावले.

“आधी सरपण हलव!”