सात फ्रेमवर्क

“...पण सर, सातांतलं कोणतं घेऊ, एवढंच सांगा.”

हेमांगी कोरगावकरनं लॅपटॉप मुलाणी सरांपुढे सरकवला. जावा ही संगणकाची भाषा तिला त्यांनीच शिकवली होती. आता ती आठ जणांच्या टीमची प्रमुख होती आणि एका रक्तपेढीची वेबसाइट करायचं काम तिच्या हाती होतं.

जावातली वेबसाइट ज्या तयार सांगाड्यांवर उभी करतात, ते सांगाडे म्हणजे फ्रेमवर्क; तसली सात तिनं चार महिने तपासली होती. स्प्रिंग, स्ट्रट्स, वाडिन... कोणतं वेगवान, कोणतं शिकायला सोपं, कोणतं किती ताण पेलतं. असा अहवाल जिल्ह्यात कुणी केला नसेल, याची तिला खात्री होती.

सरांनी अहवालाची पानं वरखाली केली. मग शोधायच्या चौकटीत एकच शब्द टाइप केला : रक्त.

एकदाही सापडला नाही.

हेमांगी हसली. “सर, हा तांत्रिक अहवाल आहे.”

“हं... रक्तपेढीच्या शालनताईंशी शेवटचं कधी बोललीस?”

“त्यांचे फोन येतात. निवड झाली की बोलणारच होते.”

“आत्ता बोल.”

तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. शालनताईंचा आवाज थकलेला होता.

“मॅडम, आमच्या दोन शाखांच्या वह्या अजून वेगळ्याच आहेत. मंगळवारी एका बाळंतपणाला ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे होतं. आमच्या वहीत नव्हतं, आम्ही नाही म्हणून सांगितलं. त्या बाईंना तसंच पुढं कोल्हापूरला पळवलं. पिशवी आमच्याच दुसऱ्या शाखेत होती... दोन दिवसांनी कळलं.”

“आणि... त्या बाई?”

“बाई वाचल्या. बाळ नाही.”

फोन बंद झाला. पडद्यावरचे आकडे हेमांगीला दिसत होते, पण वाचता येईनात. चार महिने... शालनताईंचे किती फोन तिनं न उचलता वाजू दिले होते, तेही तिला आठवेना.

ती म्हणाली, “सर... चार महिन्यांपूर्वी यातलं कोणतंही घेतलं असतं तरी...”

“चाललं असतं.”

“मग मी तुलनाच करायला नको होती.”

सरांनी अहवालातला तक्ता उघडला, ‘वेग’ लिहिलेला पहिला रकाना रिकामा केला आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

“कर की तुलना... फक्त इथं शालनताईंना विचारून त्या बाईंचं नाव लिही. यातलं कोणतं त्यांच्यापर्यंत सगळ्यांत आधी पोचलं असतं, ते बघ.”