उलटी दवंडी

ही गोष्ट खरी आहे. गळ्याची शप्पथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. हे सगळं घडलं तेव्हा मी तिथंच, वेशीबाहेरच्या बाभळीखाली उभा होतो. आता तुम्ही म्हणाल, तेव्हा तिथं बाभळ नव्हती. बरोबर आहे. मीही नव्हतो. माझा खापरपणजोबाही नव्हता. पण मला खोटंच बोलायचं असतं, तर सगळे शेवटी सुखाने नांदतात अशी एखादी गोष्ट नसती का निवडली?

तर फार फार पूर्वी, ज्या काळी जनावरं बोलत आणि राजे ऐकत नसत (यातली दुसरी सवय राजांनी अजून सोडलेली नाही), एका डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता.

एके सकाळी राजा लवाजमा घेऊन रानात गेला. ओढ्याकाठी वाघ आडवा झाला होता. शिंगं फुंकली, ढोल वाजले, राजाने मिशीला पीळ दिला. वाघाने एक डोळा उघडला, राजाकडे पाहिलं, आणि जांभई दिली.

एवढंच. झेप नाही, डरकाळी नाही. झेप घेतली असती तर राजाची शान तरी राहिली असती. जांभई देऊन वाघ पुन्हा झोपला, आणि लवाजम्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं.

त्याच संध्याकाळी हलगी वाजवत माणूस गावोगाव फिरला. "ऐका हो ऐका! जो कोणी वाघ मारील, त्याला महाराजांच्या हस्ते जरीचं पागोटं मिळेल होऽ!"

पागोट्यासाठी माणसं काय काय करतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. भाल्याने मारले, विष घालून मारले, गुहेच्या तोंडाशी धूर करून मारले. पिल्लं मारणाऱ्यांनाही पागोटं मिळालं, फक्त जरा लहान. पुढच्या दसऱ्याला दरबार भरला तेव्हा सगळ्या डोक्यांवर जरीची पागोटी चमकत होती, आणि रानात एकही वाघ उरला नव्हता.

एकच डोकं तेवढं बोडकं राहिलं. ते राणीच्या भावाचं. हे मेव्हणेसाहेब लाडवांचा डबा घेऊन मचाणावर चढत, डबा रिकामा करत आणि झोपत. लग्नकार्यात त्यांची बायको त्यांच्याशेजारी बसेना.

पहिल्या वर्षी लोकांनी ढोल वाजवले. दुसऱ्या वर्षी रानडुकरं आली.

ज्वारी गेली, भुईमूग गेला, रताळ्याचे वेल मुळासकट गेले. पूर्वी सांबरं ओढ्यावर यायची ती चोरासारखी, दोन घोट पिऊन पळायची. आता ती तिथंच बसून राहिली. उंबराचं रोप वर आलं की खा, करंजाचं आलं की खा, बांबूचा कोंब दिसला की खा. काठ धरून ठेवणारी मुळं गेली, आणि पावसाळ्यात काठच पाण्यात उतरला. ओढ्याला लाल चिखल वाहू लागला. आजारी जनावर पूर्वी सगळ्यात आधी वाघाच्या तावडीत सापडायचं. आता ते पाण्याजवळ पडून कुजायचं, आणि त्याचा रोग गोठ्यापर्यंत यायचा.

लोक मडक्यांत चिखल भरून दरबारात आले.

"महाराज," एक म्हातारी म्हणाली, "आमची ज्वारी डुकरं खातात आणि डुकरांनी उकरलेली माती आम्ही पितो. वाटणी बरी झाली म्हणायची!"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने पागोट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं. तो असा विचार करायचा.

"महाराज, वाघाची जागा रिकामी पडली आहे," तो म्हणाला. "ती भरावी लागेल."

आणि त्यांनी बहुरूप्याला बोलावलं.

हा बहुरूपी म्हणजे सोंगं घेऊन गावोगाव फिरणारा कलावंत. त्याने एकदा कोतवालाचं सोंग घेतलं तर खऱ्या कोतवालाने त्याला मुजरा केला. त्याने वाघाचं सोंग आणलं की त्या संध्याकाळी गावातल्या गाई दूध देत नसत. ताकसुद्धा घाबरून फुटायचं. तुम्हाला पटत नसेल तर पुढं वाचू नका.

"अरे, उद्यापासून तू वाघ," राजा म्हणाला. "कातडं अंगावर घाल, रानात राहा, डुकरं आणि सांबरं हाकल. आणि वाघाने रान सोडायचं नाही, हा हुकूम. वेशीवर शिपाई असतील."

बहुरूप्याने हात जोडले. "सोंग करतो, महाराज. पण आधी उलटी दवंडी फिरवा. वाघ मारला तर पागोटं, ही जुनी दवंडी अजून चालू आहे. उद्या कुणी माझंच कातडं तुमच्यापुढे आणून पसरलं तर?"

राजा हसला. "वेड्या, राज्यात वाघच नाहीत. मारणार कुणाला?"

"मी असेन की, महाराज."

"बघू," राजा म्हणाला. राजाचं 'बघू' म्हणजे काय असतं, ते तुम्ही बघितलंच असेल.

बहुरूपी रानात गेला. पहिले काही दिवस काम झकास चाललं. त्याने डरकाळी फोडली की सांबरं उधळायची, डुकरं जाळीत शिरायची. एकदा तो इतका रंगात आला की पाण्यात स्वतःचं तोंड पाहून झाडावर चढला.

मग एका दुपारी तो उंबराच्या सावलीत बसलेला असताना एक म्हातारी डुकरीण शांतपणे चालत आली आणि नाक वर करून म्हणाली, "भाकरीबरोबर कांदा होता वाटतं आज?"

बहुरूप्याने डरकाळी फोडली.

"पुरे रे बाबा. घसा बसेल. सोंग छान आहे. पट्टे तर खऱ्यापेक्षा उजवे आहेत. पण तू आल्यापासून आमच्यातलं एक तरी कमी झालं का?"

"मला मारता येत नाही गं, माये."

"मग तुला भ्यायचं कशासाठी?" डुकरीण खाली बसली. "तो रोज खात नव्हता. कधीतरी एखाद्याला न्यायचा. माझी दोन पोरं नेली मेल्याने, मी काही त्याची आरती करणार नाही. पण तो होता तेव्हा आम्ही कान टवकारून जगायचो. पाणी पिताना एक डोळा मागे. एका जागी टिकायचं नाही, एकच झाड ओरबाडायचं नाही, तुमच्या शेतात पंगत मांडून बसायचं नाही. त्याने खाल्लं थोडं, पण त्याचा धाक मात्र रोज कामावर असायचा."

"मग आता तुमची चैन आहे म्हणायची."

"चैन?" ती फिसकारली. "पोरं ढीगभर झाली आणि कंद संपले. नातवंडं खरजेने मरतात आणि मी पाहत बसते. तुमच्या राजाने आमच्यावर उपकार केले, असं त्याला वाटत असेल तर माझ्या वतीने त्याला चार शिव्या घाल."

दुसऱ्या दिवशी बहुरूप्याची बायको भाकरी घेऊन आली, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"अहो, मग चला ना इथून," ती म्हणाली. "सोंग उघडं पडलं. आता काय उरलं?"

"वेशीवर शिपाई आहेत गं. आणि मला डुकरांची भीती नाही. जोवर उलटी दवंडी फिरत नाही तोवर मी कातड्यात आहे, आणि हे कातडं सगळ्यांना हवं आहे."

ती तडक दरबारात गेली. डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली.

"महाराज, उलटी दवंडी फिरवा. एक हलगी आणि चार शब्द. माझ्या माणसाचा जीव त्यावर आहे."

"चार शब्द!" राजा कडाडला. "ते चार शब्द उच्चारले की लोक म्हणतील, राजा चुकला."

"लोक आत्ताच म्हणतात, महाराज. तुमच्या कानांवर पागोटं आहे, म्हणून ऐकू येत नाही."

पडद्याआडून राणीचा आवाज आला. "आणि माझ्या भावाचं काय? अख्ख्या राज्यात तो एकटा बोडका फिरतो. त्याला एक वाघ मिळाल्याशिवाय दवंडी मागे घ्यायची नाही, सांगून ठेवते!"

"ऐकलंस?" राजा म्हणाला. "मेव्हण्यांना एक वाघ मिळू दे. मग फिरवू."

"राज्यात एकच वाघ आहे, महाराज. तो माझा नवरा आहे."

दरबार हसला. खरंच हसला. सगळी पागोटी एकदम हलली. त्या प्रत्येक पागोट्याखाली एक माणूस होता, त्याच्या घरी चिखलाचं मडकं होतं, आणि तरी तो हसला. मला या गोष्टीत राजाइतकाच राग त्या हसण्याचा येतो.

इकडे बहुरूप्याने डरकाळ्या सोडून दिल्या होत्या. तो काठीने सांबरं हुसकवायचा आणि ओढ्याच्या काठात उंबराच्या फांद्या रोवायचा. जगल्या तर जगल्या. चार पायांचं काम दोन हातांनी जमेल तेवढं तो करत होता.

एका सकाळी तो असाच वाकून फांदी रोवत होता. समोरच्या मचाणावर मेव्हणेसाहेब होते, आणि लाडवांना मुंग्या लागल्यामुळे जागे होते. त्यांना पट्टे दिसले. त्यांनी बाण सोडला. तो चुकला.

बहुरूपी ताठ उभा राहिला, दोन पायांवर. तोंडावरचं कातडं मागे टाकून त्याने दोन्ही हात वर केले. "रावसाहेब, मारू नका! मी आहे, मी! बहुरूपी!"

मेव्हण्यांनी ऐकलं. त्यांचे कान चांगले होते. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, मग त्या कातड्याकडे पाहिलं, आणि दुसरा बाण लावला.

तो चुकला नाही.

दरबारात कातडं पसरलं, तेव्हा त्यात माणूस होता. राजाचा चेहरा उतरला. माणूस मेला म्हणून नव्हे, आता काय सांगायचं म्हणून. पुन्हा प्रधानाचं बोट पागोट्याखाली गेलं.

"महाराज, प्रकरण सरळ आहे," तो म्हणाला. "माणूस रानात मेला. अंगावर वाघाच्या खुणा आहेत. बहुरूप्याला वाघाने मारलं."

राजाने सुटकेचा निःश्वास सोडला. मेव्हण्यांच्या डोक्यावर पागोटं चढलं. आणि नवी दवंडी निघाली की वाघ फार माजले आहेत, यापुढे पागोट्याबरोबर शेलाही मिळेल.

बहुरूप्याची बायको रडली नाही. ती दवंडीवाल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, ती हलगी इकडे दे."

"वहिनी, माझी नोकरी जाईल."

"माझं काय गेलंय, ते तू आत्ता पाहिलंस ना?"

त्याने हलगी दिली.

ती वेशीपासून निघाली. "ऐका हो ऐका! राज्यात वाघ नाही, तरी वाघाने माणूस मारला होऽ! राजा चुकला होऽ! मेव्हण्याने मारला, दरबार हसला होऽ! यापुढे वाघ मारायचा नाही होऽ!"

शिपायांनी तिला अडवलं. ती वाजवत राहिली. गल्लीगल्लीतून लोक बाहेर आले. चिखलाचं मडकं घेऊन दरबारात गेलेली ती म्हातारी पुढं झाली, तिने आपल्या लेकाच्या डोक्यावरचं पागोटं ओढलं आणि शिपायाच्या पायाशी फेकलं. "हे घे. याने चूलही पेटत नाही." मग दुसरं पडलं, तिसरं पडलं. संध्याकाळपर्यंत वेशीत जरीचा उकिरडा झाला, आणि शिपाई त्यात पाय अडकून पडत होते.

त्यानंतर त्या राज्यात कुणी कुणाला वाघ मारू दिला नाही. काही वर्षांनी पलीकडच्या डोंगरावरून एक वाघीण आपल्या पायाने आली. तिने फार काही केलं नाही. ओढ्याकाठी दोनदा दिसली. सांबरं उठली, डुकरांनी कान टवकारले, काठावर उंबराचे कोंब वर आले. पाणी निवळायला बराच काळ लागला. काही गोठे रिकामेच राहिले. आणि बहुरूपी परत आला नाही.

राजा मात्र स्वतः गड उतरून त्या बाईच्या दारात गेला. त्याने पागोटं तिच्या पायाशी ठेवलं, ढसाढसा रडला आणि म्हणाला, "बाई, मी चुकलो."

तुमच्या मुलखात वाघ नसेल. लांडगा असेल, सिंह असेल, बर्फातलं अस्वल असेल, समुद्रातला शार्क असेल. पागोटी सगळीकडे मिळतात, आणि हसणारे दरबारही.

तात्पर्य एवढंच: ज्याच्या धाकावर रान उभं असतं त्याला मारलं, तर त्याची जागा कुणाच्याही सोंगाने भरत नाही, आणि ती भरायला नेहमी दुसऱ्याचाच जीव पाठवला जातो.

आता कबुली. डुकरीण बोलली ते खरं, ताक घाबरून फुटलं तेही खरं. पण राजा गड उतरला, रडला आणि 'चुकलो' म्हणाला, हे मात्र मी माझ्या पदरचं घातलं.