टाकी, शिट्टी आणि पाण्याची परीक्षा

लिलाव मोबाइलवर होऊ लागले, त्या काळातली गोष्ट. खऱ्या वाफेवर धावणारी छोटी इंजिनं अर्धवट अवस्थेत लिलावात घ्यायची आणि पुरी करायची, हा खानोलकरांचा नाद. त्यांच्याकडे एका खोक्यातून वाफ तयार करणारी एक तांब्याची टाकी आली आणि सोबत तिची लेक, पितळी शिट्टी.

टाकीला काही झोप नव्हती. तिच्या जोडात बारीकशी चीर होती, आणि लिलावाच्या फोटोत तिने ती बाजू भिंतीकडे फिरवून घेतली होती.

"उद्या आधी पाणी दाबून भरू," खानोलकर म्हणाले. "टिकली, तरच वाफ."

टाकी मनाशी हिशेब करू लागली. आपण गळलो तर पुन्हा लिलाव, आणि या खेपेला सुटे भाग वेगवेगळे जाणार. लेक एका गावी, आपण दुसऱ्या. सगळ्याच आया इतक्या घाबरट असतात, की आपणच?

"आई, तू गप्प का?"

"काही नाही गं. गारठा आहे."

सकाळी पाण्याचा दाब चढला. टाकीने अंग आवळून धरलं, तरी थेंब टपकलाच.

"बरं झालं बाई, पाण्यातच सांगितलंस," खानोलकर म्हणाले. "वाफेत फुटली असतीस, तर मलाही घेऊन गेली असतीस." आणि त्यांनी डाख लावून चीर बुजवली.

"मी उगाच लपवलं गं," टाकी लेकीला म्हणाली.

शिट्टी तिला टेकली. मग म्हणाली, "आई, माझ्याही बुडाला एक चीर आहे. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."